नोकरी शोधताय? वाचनालयात या, पण नुसत्या खुर्चीसाठी नको

"अक्का, अभ्यासिकेत जागा आहे का?" कुठल्या तरी भरतीची बातमी आली की दिवसभर हाच प्रश्न. सोलापूरच्या पूर्व भागात, एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. विड्या वळणाऱ्या आया, टॉवेलच्या कारखान्यात जाणारे वडील आणि पदवी घेऊन घरी बसलेली पोरं, असा आमचा वाचकवर्ग. अभ्यासिका लागतेच, त्याबद्दल वाद नाही. भिंतीपलीकडे यंत्रमाग धडधडत असताना दीड खोलीत कोण काय वाचणार? पण खुर्ची, पंखा आणि मोबाइल चार्ज करायला प्लग एवढंच घेऊन जाणारी पोरं रोज बघते मी. त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर त्यांच्याच कामाची जाहिरात उघडी पडलेली असते आणि अर्जाची मुदत आठवड्याभरात संपणार असते. म्हणून हे लिहिते आहे. खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल, तोवर बाकीचं वाचनालय कसं वापरायचं ते बघा.

आधी पाटी वाचा

वाचनालयाच्या पाटीवर नावाखाली 'शासनमान्य, तालुका अ वर्ग' किंवा 'इतर ब वर्ग' असं काहीतरी लिहिलेलं असतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे हे दर्जे. वर्ग जितका वरचा, तितकी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं जास्त, उघडं राहण्याची वेळही जास्त. तेव्हा घराजवळचं वाचनालय 'ड' वर्गाचं असेल तर तिथं रोजची वर्तमानपत्रं बघा, आणि अभ्यासाच्या पुस्तकांसाठी आठवड्यातून एकदा मोठ्या ठिकाणी चक्कर मारा. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, शासनाचं जिल्हा ग्रंथालय आहे. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी लागते. टेबलावर बसून वर्तमानपत्र वाचायला बहुतेक ठिकाणी एक रुपयाही लागत नाही, सभासद असा वा नसा. दारात घुटमळू नका, आत या.

वर्तमानपत्रांचं टेबल

सकाळी या टेबलावर निवृत्त मंडळींचं राज्य असतं. राजकारणाचं पान त्यांना वाचू द्या, तुमचं पान वेगळं आहे.

स्थानिक नोकरीसाठी संचार, तरुण भारत, सुराज्य आणि मोठ्या वर्तमानपत्रांच्या सोलापूर आवृत्त्यांमधल्या छोट्या जाहिराती बघा. 'पाहिजेत' या सदरात युनिफॉर्मच्या कारखान्याला शिलाई मशीनवर बसणारे, हॉस्पिटलला जीएनएम नर्स, मेडिकलला डी.फार्म झालेला मुलगा, पतसंस्थेला क्लार्क अशी माणसं मागितलेली असतात. यातलं बरंचसं कुठल्याच पोर्टलवर येत नाही. फोन नंबर लिहून घ्या आणि त्याच दिवशी, दुपारच्या आत फोन करा. दुसऱ्या दिवशी जागा भरलेली असते.

सरकारी नोकरीच्या मोठ्या जाहिराती आतल्या पानांत, निविदांच्या शेजारी दाटीवाटीनं छापलेल्या असतात. लोक निविदा समजून पान उलटतात. केंद्र सरकारच्या भरतीसाठी 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक बघा. ते हिंदीत असतं आणि शनिवारचा अंक म्हणून निघतं. रेल्वे, सैन्य, बँका, कर्मचारी निवड आयोग, सगळं एका जागी सापडतं. टेबलावर दिसलं नाही तर काउंटरवर विचारा. पुष्कळदा ते आमच्याच कपाटात असतं, कारण बाहेर ठेवलं की मधली पानं गायब होतात. चालू घडामोडींची पानं फाडून नेणाऱ्यांनी पुढं जाऊन अधिकारी व्हायचंय म्हणे. असो.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या जागांकडे घरातल्या बायकांनी लक्ष ठेवावं. त्यासाठी बारावी पास लागते आणि उमेदवार त्याच भागातली रहिवासी असावी लागते, त्यामुळे बाहेरगावच्यांची स्पर्धा नसते. सूचना बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लागते, वर्तमानपत्रात आली तर अगदी छोटी येते. आमच्याकडे विडीच्या पगाराच्या दिवशी मुलीला घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. स्वतःला वाचता येत नाही, पण "सूचना लागली का गं अक्का?" हे विचारल्याशिवाय जात नाहीत. त्यांच्या सुनेचं नाव मी माझ्या डायरीतच लिहून ठेवलंय.

एक शंभर पानी वही करा. जाहिरात दिसली की जाहिरात क्रमांक, पद, कार्यालय, फी, शेवटची तारीख आणि कुठल्या वर्तमानपत्रात कधी आली, एवढं लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तर तो लग्नाच्या फोटोंत हरवतो. आणि हो, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मागा. एखाद्या खात्याची मागची जाहिरात कुठल्या महिन्यात आली होती, तेव्हा कुठले दाखले मागितले होते, हे त्यात मिळतं. नवी जाहिरात येईपर्यंत ते दाखले काढून तयार राहता येतं.

जाहिरात कशी वाचायची

वाचनालयाचा खरा उपयोग इथं आहे, आणि इथंच कुणी येत नाही.

मागच्या पोलीस भरतीच्या वेळी कन्ना चौकातला एक मुलगा आला. पळून पळून पाय दगडासारखे झालेले, हातात मोबाइल. "अक्का, फॉर्म भरून टाकतो, सोलापूरला." मी विचारलं, "कुठल्या सोलापूरला?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

सोलापूर शहर पोलीस आयुक्तांच्या हाताखाली, सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली. भरतीच्या दृष्टीनं हे दोन वेगळे घटक. सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १०, तो तिसरा. आणि एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शहरात शिपाई पदाला अर्ज केला की ग्रामीणमध्ये त्याच पदाला करायचा नाही, केला तर उमेदवारी जाते. राखीव दलाचा सशस्त्र शिपाई हे पद वेगळं, त्याचा अर्ज वेगळा भरता येतो.

मग आम्ही जाहिरात कागदावर काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो. आधी जागांचा तक्ता. एकूण जागा किती हे बघून पोरं खूश होतात, पण तुमचा आकडा म्हणजे तुमच्या प्रवर्गाच्या ओळीतला, त्यातून खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, महिला यांच्या जागा वजा केल्यावर उरतो तो. शहर आणि ग्रामीण असे दोन्ही तक्ते शेजारी ठेवा, कुठं अर्ज करायचा ते दिसेल.

मग वय. शिपायाला साधारण १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत. पण हे वय कुठल्या तारखेला मोजणार, ते जाहिरातीत एका ओळीत दिलेलं असतं. ती ओळ शोधून पेन्सिलीनं खूण करा. शिक्षणाचंही तसंच. बारावीचा निकाल कुठल्या तारखेच्या आत लागलेला हवा, ते बघा.

मग गुण. शिपायाला मैदानी ५० आणि लेखी १००. मैदानीमध्ये मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. राखीव दलात मैदानीच १०० गुणांची, त्यात ५ किलोमीटर पळण्याला ५० गुण. मैदानीत निम्मे गुण हवेतच, आणि त्यानंतरही जागेच्या दहापट उमेदवारांनाच लेखीला बोलावतात. त्या मुलाचा गोळा कच्चा होता, दम मात्र भरपूर. राखीव दलाचं गणित त्याला कागदावर पहिल्यांदा दिसलं. त्यानं दोन्ही अर्ज भरले.

हे काम घरी मोबाइलवर होत नाही असं नाही. पण दोन कागद शेजारी ठेवायला मोठं टेबल लागतं आणि "ही ओळ कळली नाही" म्हणायला समोर माणूस लागतं. जाहिरातीतली मराठी कुणालाच एका वाचनात कळत नाही, मलाही दोनदा वाचावी लागते. विचारायला लाजू नका. आम्ही त्यासाठीच बसलोय, भलेही ग्रंथालयाच्या पगाराविषयी न बोललेलं बरं.

आयटीआय झालेल्या पोरांना एक सांगते. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिसच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या, जाहिरातीत सोलापूर हा स्वतंत्र क्लस्टर, म्हणजे गट असतो, कुर्डुवाडीचा वर्कशॉप त्यातच येतो. तिथं परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून यादी लागते. विजापूर रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेली कितीतरी पोरं 'रेल्वेची परीक्षा अवघड' म्हणून ही जाहिरात वाचतच नाहीत.

दाखले आणि केबीचं भूत

जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं नाही. राज्याच्या नोकरीला लागणारा नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही असा दाखला, आणि केंद्राच्या नोकरीला लागणारा ओबीसी दाखला, दोघांचे नमुने वेगळे. आमच्या भागात तर आणखी एक घोळ. विशेष मागास प्रवर्ग, म्हणजे एसबीसी, हा राज्यापुरता आहे. बँकेच्या किंवा रेल्वेच्या अर्जात तो रकानाच नसतो. मग मुलं गोंधळून 'खुला' भरतात. तसं करू नका. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का ते बघा, असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच, मागच्या वर्षीचा चालत नाही. दाखला सेतू केंद्रातून यायला दिवस लागतात, म्हणून जाहिरातीची वाट बघत बसू नका.

आता अपलोड. फाइलचा आकार केबीत मोजतात. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी आणि हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबी लागतं. ते प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं. सही आणि प्रतिज्ञापत्र कॅपिटल अक्षरांत चालत नाही, आणि आमच्याकडे निम्मी पोरं सही कॅपिटलमध्येच करतात. निळं बॉलपेन घेऊन येतात ते वेगळंच. दुपारच्या उजेडात, खिडकीजवळच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर काळ्या पेननं सही करा, मोबाइल सरळ वर धरून फोटो घ्या, कडा कापा, मग आकार कमी करा. एकदा नीट केलं की ती फाइल स्वतःलाच मेल करून ठेवा, पुढच्या दहा अर्जांना चालते. मूळ दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवल्या की दर वेळी पिशवी घेऊन फिरावं लागत नाही.

आणि कृपा करा, अर्जात स्वतःचा मेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर घाला. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा मेल टाकलेली पोरं हॉलतिकीट आलं की नाही ते बघायला त्याच्या दुकानाबाहेर उभी असतात. मेल उघडायला येत नसेल तर आमच्या संगणकावर शिकवते, पंधरा मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र मला सांगू नका, माझ्या देखत तुमच्या वहीत लिहा.

कुठली पुस्तकं न्यायची

स्पर्धा परीक्षेच्या कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक आधी उचलू नका. पोलीस असो, तलाठी असो, लिपिक असो, पाया शालेय पुस्तकांचा आहे. इतिहास, भूगोल, विज्ञान यांची राज्य मंडळाची पाचवी ते दहावीची पुस्तकं आधी. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण दिवसभर मोबाइलवर वाचून डोळे दुखतात, म्हणून आम्ही एक संच कपाटात ठेवलाय. त्यानंतर मराठी व्याकरण आणि अंकगणित. सामान्य ज्ञानाचं पुस्तक नेताना आवृत्तीचं साल बघा. जुन्या पुस्तकातले मंत्री आणि राज्यपाल पाठ करून काय उपयोग? राज्यघटना आणि भूगोल जुन्या आवृत्तीतून चालतं. राज्य लोकसेवा आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर असतात, त्यांची झेरॉक्स काढून घड्याळ लावून सोडवा. चालू घडामोडींसाठी 'लोकराज्य' आणि 'योजना' या सरकारी मासिकांचे जुने अंक आमच्याकडे बांधून ठेवलेत, त्यांना हात लावणारं कुणी नाही.

लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. ते वाचनालयात मिळत नाही, क्लास लावावाच लागतो. दोन्ही एकदम करत बसण्यापेक्षा मराठी ३० आधी पदरात पाडा.

परीक्षा नको, काम हवं असेल तर

सगळ्यांनी खाकी किंवा लिपिकाची खुर्ची मिळवावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. वर्षानुवर्षं 'तयारी चालू आहे' म्हणणारी तिशीची पोरं बघून पोटात कालवतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चिंचोळीत, शहरातल्या हॉस्पिटलांत, पुण्यात, हैदराबादेत कामं आहेत.

त्यासाठी एका पानाचा बायोडाटा करा. एकच पान. वडिलांचं नाव, धर्म, रास, छंद वाचन-क्रिकेट, हे सगळं काढा. ते लग्नाच्या बायोडाट्यात. वर नाव, फोन, कुठं राहता. मग काय काम येतं. मग शिक्षण. मग आधी कुठं, किती दिवस काम केलं, मामाच्या दुकानात हिशेब लिहिला असेल तर तोही.

आणि भाषांच्या रकान्यात खरं लिहा. आमच्याकडची मुलगी घरी तेलुगू बोलते, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि बायोडाट्यात लिहिते 'मराठी, हिंदी, इंग्रजी'. इंग्रजीचे दोन वाक्य येत नाहीत आणि येणाऱ्या दोन भाषा लपवलेल्या! हॉस्पिटलच्या स्वागतकक्षाला, फायनान्स कंपनीला, कॉल सेंटरला, औषध कंपनीच्या एमआरला तेलुगू-कन्नड येणारं माणूस हवंच असतं. कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंट सोलापुरात येतात, त्यांच्याशी कोण बोलणार? मी हे एका मुलीच्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं, तर म्हणाली, "अक्का, ही काय क्वालिफिकेशन आहे का?" आहे बाई, आहे.

राज्याच्या महास्वयं पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नाव नोंदवा, दोन्ही फुकट. पूर्वीचं सेवायोजन कार्यालय म्हणजे आताचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. त्यांच्या रोजगार मेळाव्यांच्या तारखा महास्वयंवर येतात आणि आम्ही त्या फळ्यावर लावतो. मेळाव्याला जाताना बायोडाट्याच्या पाच-सहा प्रती घ्या, आणि कुठल्या कंपन्या येणार ती यादी आदल्या दिवशी वाचून जा.

पैसे मागितले की थांबा

'रजिस्ट्रेशन', 'गणवेशाचं डिपॉझिट', 'मेडिकल चार्ज' अशा नावानं कुणी खासगी नंबरवर पैसे पाठवायला सांगितलं तर पाठवू नका. सरकारी परीक्षेची फी अधिकृत संकेतस्थळावरच भरायची असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'मेगाभरती'त जाहिरात क्रमांक आणि शेवटची तारीख शोधा, आणि ती जाहिरात त्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते बघा. तिथं नसेल तर सोडून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, लाजेनं दोन दिवस घालवू नका.

माझ्याकडे येताना

सकाळी टेबल भरलेलं असतं, संध्याकाळी पुस्तक बदलणाऱ्यांची रांग असते. दुपारी जेवणानंतर या, निवांत बोलता येतं. वही, काळं पेन, दहावीची गुणपत्रिका आणि असतील ते दाखले आणा. नुसतं "नोकरी पाहिजे" म्हणू नका. शिक्षण किती, वय किती, प्रवर्ग कुठला, आत्ता घरात पैसे लागतात की वर्षभर थांबता येतं, एवढं सांगा. आणि सोलापूर सोडायची तयारी आहे का, ते घरी विचारून या. पुण्याची जाहिरात शोधून, अर्ज भरून, मुलाखतीला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढून झाल्यावर "आई सोडत नाही" म्हणालात, तर मग मी कुठली फाइल काढू?